सोलापुरात चर्चमध्ये लग्न करायचंय? मग हॉलचा ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे वाचा

दिवाळी झाली की चर्चच्या ऑफिसात एक ठरलेला प्रकार सुरू होतो. घरचे येतात, हातात पत्रिकेचं प्रूफ, होटगी रोडचा हॉल बुक, केटरर फिक्स, बँडवाल्याला ॲडव्हान्स देऊन झालेला, आणि मग फादरांना म्हणतात, फादर पुढच्या महिन्यात बारा तारखेला सकाळची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ठेवा की. फादर विचारतात कोर्स झाला का, बाप्तिस्म्याचा दाखला आणला का, मुलगी कॅथलिकच आहे ना, आणि एकेका प्रश्नाला समोरचे चेहरे उतरत जातात. मग फादर कडक आहेत, फादर अडवतात, अशी बोंब गावभर. फादर काही अडवत नसतात हो, क्रम उलटा झालेला असतो एवढंच. मी पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागाच्या चर्चमध्ये, लग्नाचे फॉर्म भरायला मदत करते, त्यामुळे हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. सोलापुरात नवीन आलेल्यांसाठी, मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी, आणि ज्यांचं ठरलंय पण समोरचा किंवा समोरची कॅथलिक नाहीये अशांसाठी.

आधी डोक्यात क्लिअर असू द्या: चर्च लग्नाला काय समजतं

कॅथलिक शिकवणुकीत लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांनी आयुष्यभरासाठी केलेला करार, आणि त्याचे हेतू दोन, नवराबायकोचं एकमेकांचं भलं आणि मुलांना जन्म देऊन त्यांना वाढवणं. दोघंही बाप्तिस्मा झालेले असतील तर हाच करार संस्कार होतो, वेगळं काही करावं लागत नाही. आणि एक गोष्ट जी जुन्या कॅथलिकांनाही माहीत नसते, आपल्या लॅटिन (म्हणजे रोमन कॅथलिक) परंपरेत लग्न फादर लावत नाहीत, वधूवर स्वतःच एकमेकांना हा संस्कार देतात. फादर तिथं चर्चच्या वतीनं साक्षीला असतात, ते तुमची संमती विचारतात आणि स्वीकारतात. म्हणजे सगळा डोलारा तुमच्या 'हो' वर उभा आहे. ते 'हो' मनापासून नसेल, दबावाखाली असेल, किंवा आतून काहीतरी वगळून म्हटलेलं असेल (उदाहरणार्थ मुलं कधीच नकोत असं पक्कं ठरवून ठेवलंय आणि सांगितलेलंच नाही, किंवा नाही जमलं तर सोडून देऊ असंच मनात धरून चाललाय) तर वरून कितीही थाटात लग्न झालं तरी चर्चच्या दृष्टीनं ते लग्न झालेलंच नसू शकतं. पुढचे सगळे कागद, सगळे प्रश्न, कोर्स, हे त्या एका 'हो' ची खात्री करायला आहेत. हे समजलं की निम्मी चिडचिड कमी होते.

आणि हेही इथंच सांगते कारण आपल्याकडे फार ऐकवतात. मूल झालं नाही म्हणून लग्न अपुरं होत नाही. चर्चच्या कायद्यात स्पष्ट आहे की वंध्यत्वामुळे लग्नाला बाध येत नाही, फक्त ते लपवून फसवलं तर वेगळी गोष्ट. मुलांसाठी मन उघडं असणं आणि मुलं होणं यात फरक आहे, हा फरक सासरच्या मंडळींना कुणीतरी समजावून सांगायला पाहिजे, फादरांनीच सांगितलं तर बरं, सुनेनं सांगून कोण ऐकतंय.

पायरी १: तुमचं पॅरिश कोणतं ते बघा

सोलापूर जिल्हा पुणे धर्मप्रांतात येतो, म्हणजे आपले बिशप पुण्याला. साधं कॅथलिक-कॅथलिक लग्न असेल तर बहुतेक काम इथंच उरकतं, पण कुठलीही खास परवानगी लागली की कागद अडीचशे किलोमीटरवर पुण्याला जातो आणि तिथून परत येतो. फादर रोज सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून तुमच्या फाईलसाठी पुण्याला जाणार नाहीयेत, त्यामुळे वेळ लागतो, धरूनच चाला.

लग्न वधूच्या किंवा वराच्या पॅरिशमध्ये करता येतं. इथं राहून महिना झाला असेल तरी इथल्या पॅरिशमध्ये लग्न होऊ शकतं. रेल्वेत बदली होऊन आलेले, नर्सिंगला आलेल्या केरळच्या मुली, एमआयडीसीत कामाला आलेली पोरं, यांना वाटतं की गावीच जावं लागेल, तसं काही नाही. फक्त आपण कोण कुठले हे ऑफिसात येऊन सांगा, फॅमिली कार्ड काढा, रविवारी दिसत राहा. लग्नापुरताच उगवलेला माणूस कुठल्याही फादरांना लगेच ओळखू येतो. केरळची मुलगी सिरो-मलबार (केरळची वेगळी परंपरा असलेलं कॅथलिक चर्च) घरातली असेल तर तेही सुरुवातीलाच सांगा, कारण त्यांची व्यवस्था आणि बिशप वेगळे असतात आणि त्यांच्याकडून पत्र लागतं.

पायरी २: फादरांना भेटा, आणि सगळं सांगा

केव्हा? निदान तीन महिने आधी. एकजण कॅथलिक नसेल तर सहा महिने धरा. साखरपुड्याच्याही आधी भेटलात तर उत्तमच. फोन करून वेळ घ्या, रविवारी मिस्सा संपल्यावर गर्दीत गाठून "फादर एक मिनिट" असं करू नका, त्या एका मिनिटात काही होत नाही. शक्यतो दोघांनी जा, आत्या-मामा-काका यांची फौज नको.

आणि तिथं लपवू नका. आधी लग्न झालेलं होतं का, अगदी कोर्टातलं असेल तरी, कुठं मूल आहे का, दोघांचं आपसात नातं लागतं का, घरातून जबरदस्ती आहे का, कोणी सेमिनरीत (धर्मगुरू व्हायच्या शिक्षणाला) किंवा कॉन्व्हेंटमध्ये होतं का आणि व्रत घेतलं होतं का. पहिल्याच भेटीत सांगितलं तर जवळपास प्रत्येक गोष्टीला काहीतरी रस्ता असतो, निदान उत्तर तरी मिळतं. पत्रिका वाटून झाल्यावर बाहेर आलं तर मग अवघड.

पायरी ३: कागद

यातला राजा म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला. घरात फ्रेम करून ठेवलेला लहानपणीचा दाखला चालत नाही, गेल्या सहा महिन्यांतला ताजा लागतो, आणि लोक इथंच वैतागतात की एकदा बाप्तिस्मा झालाय तो काय बदलणारे का. तर बदलतं ते त्याच्या शेजारचं. बाप्तिस्म्याचं रजिस्टर तुम्ही कधी बघितलं नसेल तर ऑफिसात दाखवायला सांगा. लांबलचक जाडजूड वही असते, एका ओळीत एक माणूस, नाव, जन्मतारीख, आईवडील, गॉडफादर-गॉडमदर, फादरांची सही, आणि कडेला शेऱ्यांचा एक रकाना. मूल लहान असताना तो रकाना कोरा असतो. पुढं दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं की तिथं नोंद पडते, लग्न झालं की ज्या चर्चमध्ये लग्न झालं तिथून कळवलं जातं आणि कुणाशी, कुठं, कधी हे त्याच ओळीत लिहिलं जातं, कोणी धर्मगुरू झाला तर तेही. जुन्या रजिस्टरात एकाच ओळीत तीन वेगवेगळ्या अक्षरांत, तीन शाईंत माणसाचं आयुष्य दिसतं. म्हणजे ताजा दाखला मागवला की तो रकाना कोरा आहे का ते कळतं, आधीचं लग्न लपवून दुसरं करायला निघालेला इथंच सापडतो. मुलीच्या बापानं तर या दाखल्यासाठी फादरांचे आभार मानायला पाहिजेत.

हा दाखला जिथं बाप्तिस्मा झाला तिथूनच मिळतो. संगमनेर-राहुरीकडचे असाल तर तिकडच्या मिशनमधून, तो नाशिक धर्मप्रांत. वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे, ज्याचं त्यानं तिकडून मागवायचं. दाखला हातात आला की आधार कार्ड शेजारी ठेवून नावं ताडून बघा. बाप्तिस्म्याला ठेवलेलं नाव एक, शाळेत दुसरं, घरी तिसरंच, हे आपल्याकडे घरोघरी आहे. फरक असेल तर ॲफिडेव्हिट लागेल का ते फादरांना विचारा, ते आत्ता विचारा, आदल्या दिवशी नको.

बाकीचं पटकन सांगते. दृढीकरणाचा दाखला (झालं नसेल तर शक्यतो लग्नाआधी करून घ्यायचं), दुसऱ्या पॅरिशचे असाल तर तिथल्या फादरांचं ना-हरकत पत्र, वयाचा पुरावा, फोटो, कोर्सचं सर्टिफिकेट, दोन साक्षीदारांची नावं. विधवा-विधुर असाल तर आधीच्या जोडीदाराचा मृत्यूदाखला. घटस्फोटित असाल तर कोर्टाचा कागद एकटा पुरत नाही, त्याबद्दल खाली आहे. वय मुलाचं २१ आणि मुलीचं १८ पूर्ण पाहिजेच, चर्चच्या कायद्यातलं किमान वय याच्यापेक्षा कमी आहे असं कोणी नेटवरून काढून दाखवेल, इथं भारताचा कायदा चालतो, विषय संपला.

मामाची मुलगी, आत्याचा मुलगा

हा मुद्दा मुंबई-वसईच्या लोकांना कदाचित विचित्र वाटेल पण सोलापूरला लागतोच. आपल्याकडे मराठी काय, तेलुगू काय, कन्नड काय, मामाच्या पोरीवर हक्कच सांगतात, आणि बाप्तिस्मा घेतला म्हणून घरच्या सवयी जात नाहीत. चर्चच्या कायद्यात सख्खी मामेबहीण, आतेबहीण, चुलतबहीण, मावसबहीण, चारही एकाच अंतरावर धरतात आणि चौघींशीही लग्नाला बाध आहे. बिशपांकडून सूट मिळू शकते पण मागावी लागते, कारण द्यावं लागतं, आणि सूट न घेता लग्न केलं तर ते वैधच ठरत नाही. मामा-भाचीचं नातं तर त्याहून जवळचं, तिथं सूट मिळेल असं धरून अजिबात चालू नका. सख्ख्या भावंडांत किंवा सरळ वंशात सूट कधीच नाही, ते सांगायला नकोच. गंमत म्हणजे लोक हे नातं सांगायचं टाळत नाहीत, त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही. "घरातलीच आहे फादर" म्हणतात आणि फादरांना वाटतं की ओळखीतली आहे.

पायरी ४: समोरचा कॅथलिक नसेल तर

सगळ्यात जास्त फोन याचेच, म्हणून जरा सविस्तर.

दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचे कागद वेगळे. पहिला, समोरचा ख्रिस्तीच आहे पण कॅथलिक नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून सोलापुरात प्रोटेस्टंट मंडळी भरपूर, त्यामुळे सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट चर्च) मुलगा आणि कॅथलिक मुलगी हे आपल्याकडे अगदी नेहमीचं. पाण्यानं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करतं, पुन्हा बाप्तिस्मा देत नाही. इथं बिशपांची परवानगी लागते आणि झालेलं लग्न संस्कारच असतो. काही छोट्या स्वतंत्र मंडळ्यांत फक्त येशूच्या नावानं बाप्तिस्मा देतात, तिथं फादर थोडी चौकशी करतील, राग मानू नका.

दुसरा, समोरच्याचा बाप्तिस्माच झालेला नाही, हिंदू, बौद्ध, मुस्लिम, लिंगायत, कोणीही. इथं नुसती परवानगी नाही तर सूट लागते, आणि ती नसेल तर लग्न वैध होत नाही. सूट घेऊन झालेलं लग्न पूर्ण खरं आणि वैध असतं, फक्त संस्कार म्हणत नाहीत कारण एकाचा बाप्तिस्मा नाही. विधी सहसा मिस्सेशिवाय होतो, शास्त्रवाचन, संमती, अंगठ्या, आशीर्वाद. घरच्यांना कमीपणा वाटतो की आमच्या पोरीला मिस्सा का नाही. पण विचार करा, अर्धा मांडव ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घ्यायला पुढं येणार आणि नवरामुलगा स्वतःच्या लग्नात बाजूला बसणार, त्यापेक्षा हे बरं नाही का?

आता वचनाचं. बरेच जण घाबरून येतात की सही घेतात, धर्म बदलायला लावतात. नाही लावत. वचन देतो तो कॅथलिक जोडीदार, की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व वाढ कॅथलिक श्रद्धेत व्हावी म्हणून माझ्याकडून होईल ते सगळं करीन. दुसऱ्याला हे वचन दिलंय याची नीट कल्पना दिली जाते, त्याच्यावर धर्मांतराची अट नसते. लग्नापुरता बाप्तिस्मा घेऊन टाका असा शॉर्टकट नातेवाईक सुचवतात, फादर सहसा तो ऐकत नाहीत, आणि बरोबरच आहे. मोठ्या माणसाच्या बाप्तिस्म्याची तयारी ही वेगळी आणि बऱ्याच महिन्यांची वाट आहे, ती श्रद्धेसाठी चालायची, हॉलच्या तारखेसाठी नाही.

माझं स्वतःचं म्हणणं असं की त्या फॉर्मवर सही करायच्या आधी दोघांनी कंबर तलावाच्या कट्ट्यावर नाहीतर कुठंही शांत बसून मुलांच्या बाप्तिस्म्याबद्दल खरंखुरं बोलून घ्या. प्रेमात असताना "बघू नंतर" म्हणून ढकलतात आणि बाळ झालं की एका आजीला बारसं पाहिजे, दुसरीला बाप्तिस्मा, आणि मधे हे दोघं.

दोन लग्नांचा प्रश्न इथंच येतो. सकाळी चर्चमध्ये आणि संध्याकाळी मांडवात पुन्हा सप्तपदी, असं चालत नाही, संमती देण्याचा दुसरा धार्मिक विधी आधी पण नाही आणि नंतर पण नाही. हळद, मेंदी, ओवाळणं, दोन्ही घरच्या थोरांचे आशीर्वाद, जेवणावळ, याला कोण नाही म्हणतंय. पण कुठं रेघ मारायची ते आधी फादरांना विचारून घ्या. समोरच्या घरचे चर्चमध्ये लग्न करायला अजिबातच तयार नसतील तर बिशप ठराविक पद्धतीतूनही सूट देऊ शकतात, मग रजिस्ट्रारकडे झालेलं लग्नही चर्च मानतं. पण ती सूट लग्नाच्या आधी घ्यायची असते, हे लाल शाईनं लिहून ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे आणि दोघांपैकी एक जरी ख्रिस्ती असेल तरी त्याखाली चर्चमध्ये लग्न होतं. स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ खाली करायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते, त्याचा हिशोब तारखेत धरा. चर्चचा दाखला मिळतोच, पण व्हिसा वगैरेसाठी महापालिकेचा लागणार असेल तर ते आधीच चौकशी करून ठेवा.

पायरी ५: कोर्स

विवाहपूर्व कोर्स म्हटलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. जा हो, वाईट नसतो. पैसे कोण सांभाळणार, भांडण कसं करायचं, सासूसासऱ्यांबरोबर दोन खोल्यांत राहायचं तर कसं, दारू, मोबाईल, शरीरसंबंध, प्रार्थना, सगळ्यावर बोलतात. विवाहित जोडपी येऊन स्वतःचं सांगतात ते सत्र सगळ्यात भारी असतं, डॉक्टरांचंही असतं. इथं जमला नाही तर पुण्याला किंवा जोडीदाराच्या गावी केलेला सहसा चालतो, आधी विचारा.

कुटुंबनियोजनावर तिथं प्रश्न उठतातच. चर्चची भूमिका १९६८ साली पोप पॉल सहावे यांनी पुन्हा स्पष्ट केली, की प्रत्येक शरीरसंबंध जीवनासाठी खुला असावा, कृत्रिम साधनं नकोत, पण योग्य कारणांसाठी दोन मुलांत अंतर ठेवायला स्त्रीच्या नैसर्गिक चक्राचा आधार घेता येतो. बिलिंग्ज पद्धत वगैरे त्यातलीच. खूप जोडप्यांना हे अवघड जातं, उगाच सोपं आहे म्हणून सांगण्यात अर्थ नाही. पण कोर्समध्ये मान खाली घालून बसण्यापेक्षा हात वर करून विचारा, शिकवणारी बाई नीट तक्ता काढून समजावते, आणि नवऱ्यांनीही ऐकायचं असतं, ते काय फक्त बायकांचं काम नाहीये.

पायरी ६: चौकशी, म्हणजे एकेकट्यानं आत जायचं

लग्नाच्या काही आठवडे आधी फादर दोघांना वेगवेगळं बोलावतात. बायबलवर हात ठेवून खरं सांगायची शपथ, समोर छापील फॉर्म, आणि प्रश्न. स्वतःच्या मर्जीनं लग्न करताय का. कुणी धमकावलंय का, पैशाचं काही आहे का. आधी कुणाशी लग्न किंवा वचन झालंय का. आयुष्यभराचं आहे हे मान्य आहे का. मुलं हवीत का. जोडीदारापासून काही गंभीर लपवलंय का, आजार, कर्ज, काही. काही अट घालून लग्न करताय का.

मुलीबरोबर आई आत यायला बघते. "ती बोलत नाही हो फादर, मीच सांगते." फादर हसून आईला बाहेरच्या बाकावर बसवतात, दार ओढून घेतात. बाहेर आई पदराशी चाळा करत शेजारणीला विचारते, एवढा वेळ आत काय विचारायलेत? तर तेच विचारतायत, की तुला खरंच करायचंय का. आपल्याकडे कितीतरी पोरींना आयुष्यात हा प्रश्न एकांतात, शांतपणे, कुणी पहिल्यांदा विचारलेला असतो. नाही म्हणायचं असेल तर त्या दाराआड म्हणा, तिथून पुढं ते फादरांवर सोडा.

पायरी ७: तारीख आणि बॅन्स

साधारण तीन रविवार मिस्सेत नावं वाचतात, दोघांच्याही पॅरिशमध्ये, म्हणजे कुणाला काही अडचण माहीत असेल तर सांगावी. निनावी चिठ्ठ्या येतात कधीकधी, जुनं कुणाचं तरी दुखणं, फादर खरंखोटं बघतात.

उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, आणि नाताळाआधीच्या आगमनकाळात बहुतेक पॅरिशमध्ये लग्नं टाळतात. गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवारी तर नाहीच. मग उरतो ईस्टरनंतरचा एप्रिल-मे आणि सोलापूरचं ऊन. सूट-कोट घातलेला नवरामुलगा दुपारी बाराला, पारा चाळीसच्या वर, तुम्हीच बघा. जानेवारी बेस्ट, फक्त गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा असते तेव्हा गावातले रस्ते आणि गाड्यांचं काय होतं ते ध्यानात ठेवून वेळ धरा.

पायरी ८: विधी

यात घाबरण्यासारखं काही नाही, आदल्या दिवशी रिहर्सल होते. तीन प्रश्न, मग संमती, मग अंगठ्या, आपल्याकडे मंगळसूत्रावरही आशीर्वाद होतो आणि ते घातलं जातं. संमतीचे शब्द पाठ करून या, फादरांच्या मागून पुटपुटण्यापेक्षा एकमेकांकडं बघून म्हटलेलं छान वाटतं. फिल्मी गाणी हॉलमध्ये वाजवा, चर्चमध्ये नाही. फोटोवाल्याला आधीच बजावून ठेवा की वेदीवर चढायचं नाही आणि ऐन संमतीच्या वेळी मधे ड्रोन आणायचा नाही. कॅथलिक असाल तर एकदोन दिवस आधी कन्फेशन करून घ्या. शेवटी रजिस्टरवर सह्या, दोन साक्षीदारांसकट, स्पेलिंग बघून सही करा कारण नंतर दुरुस्तीला हेलपाटे पडतात. आणि खर्चावरून कुणी मागं राहू नका, परिस्थिती नसेल तर फादरांना सांगा, गरिबीमुळे संस्कार नाकारायचा नाही असा चर्चचाच नियम आहे.

आधीच लग्न झालंय, त्यांच्यासाठी

दोघंही बाप्तिस्मा न झालेले असताना तुमचं रीतसर लग्न झालं आणि आता दोघांनी बाप्तिस्मा घेतलाय, तर पुन्हा लग्न करायची गरज नाही. तुमचं लग्न चर्च मानतंच आणि दोघांचा बाप्तिस्मा झाला त्या क्षणी ते आपोआप संस्कार झालं. लोक यावरून उगाच वर्षानुवर्षं घाबरून असतात.

कॅथलिक असून परवानगीशिवाय कोर्टात किंवा देवळात लग्न केलं असेल तर ते चर्चच्या दृष्टीनं वैध नसतं, पण नीट करून घेता येतं. अगदी छोटा विधी, दोन साक्षीदार, पाचसहा माणसं, कुणाला कळायचीही गरज नाही. जोडीदार पुन्हा संमती द्यायला तयार नसेल तरी बिशपांकडून मुळातूनच दुरुस्त करून घ्यायचा एक मार्ग आहे. बरीच जोडपी दहा-वीस वर्षं मागच्या बाकावर बसून ख्रिस्तप्रसाद न घेता घरी जातात, लाजेनं. या की ऑफिसात, काही खात नाहीत.

लग्नानंतर, आणि जेव्हा बिनसतं तेव्हा

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावर 'अमोरिस लेतीत्सिया' हे मोठं पत्र लिहिलं, त्यात लग्नाच्या पहिल्या वर्षांत जोडप्यांना एकटं सोडू नका हे फार आग्रहानं सांगितलंय. म्हणून फादर घरी आले, लग्नाच्या वाढदिवसाला मिस्सेत नाव घेतलं, जोडप्यांच्या मेळाव्याला बोलावलं तर टाळू नका. मॅरेज एन्काऊंटरचा (नवराबायकोनं एकमेकांशी मोकळं बोलायचं शिबिर) वीकएंड जमला तर करा, फक्त तो बऱ्यापैकी चाललेल्या लग्नांसाठी आहे, मोडायला आलेल्यांसाठी समुपदेशन वेगळं घ्यावं लागतं.

मारहाण होत असेल तर ती सहन करणं म्हणजे क्रूस वाहणं असं जर कुणी सांगत असेल, भले ते चर्चमधलंच माणूस असो, तर ते चूक सांगतंय. जोडीदार किंवा मुलं यांच्या जिवाला, मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याचा हक्क चर्चचा कायदाच देतो, आणि त्याच पत्रात पोप फ्रान्सिस यांनी म्हटलंय की कधीकधी वेगळं होणं नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरतं. १८१ ही महिला हेल्पलाईन आहे, ११२ आहे, २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. आधी सुरक्षित व्हा, फादरांना मग भेटा.

घटस्फोट झाला म्हणून कुणी चर्चबाहेर जात नाही. कोर्टातून घटस्फोट झालाय आणि दुसरं लग्न केलेलं नाही, तर त्या कारणावरून ख्रिस्तप्रसाद घ्यायला बंदी नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. दुसरं लग्न चर्चमध्ये करायचं असेल तर मात्र पहिलं लग्न मुळात वैध झालंच नव्हतं असा निर्णय धर्मप्रांताच्या न्यायालयाकडून लागतो. जबरदस्ती, मोठी फसवणूक, संमतीच्या वेळची मानसिक असमर्थता, मुलं किंवा निष्ठा मुळातच नाकारलेली असणं, अशी कारणं तपासतात, साक्षी घेतात. २०१५ च्या सुधारणेनंतर दोन न्यायालयांचे सारखे निकाल लागायची अट गेली, त्यामुळे पूर्वीइतकं रखडत नाही. मुलं अनौरस ठरतील ही भीती काढून टाका, चर्चच्या कायद्यात ती औरसच राहतात.

आणि दोन्ही कागद लागतात, एकानं भागत नाही. चर्चच्या निर्णयानं सरकारी लग्न मोडत नाही, सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये हे स्पष्ट केलंय, तेव्हा चर्चचा कागद हातात आला म्हणून कोर्टाचा घटस्फोट न घेता दुसरं लग्न लावाल तर द्विभार्येचा गुन्हा होईल. ख्रिस्ती लोकांना परस्पर संमतीनं घटस्फोट २००१ च्या दुरुस्तीपासून मिळतो, त्यासाठी वकील गाठा.

दुसरं लग्न चर्चबाहेर करून बसलेल्यांनीही रविवारची मिस्सा सोडायची नाही, मुलांना कॅटेकिझमला (धर्मशिक्षणाच्या वर्गाला) पाठवायचं, आणि फादरांशी निवांत बोलून आपल्या परिस्थितीत पुढं काय ते एकेक करून बघायचं, 'अमोरिस लेतीत्सिया'चा आठवा अध्याय याच लोकांबद्दल आहे. फक्त जाताना दोन्ही लग्नांचे कागद, कोर्टाची ऑर्डर आणि बाप्तिस्म्याचे दाखले एका फाईलमध्ये घालून न्या, आणि ऑफिसची वेळ आधी फोन करून विचारा.